कॅनॉलच्या रस्त्यावर मारलेली हाक

सायकलवरचा लेख म्हटल्यावर तुम्ही काय काय धरून बसला असाल ते मला माहितीये. पहिल्या परिच्छेदात धुकं. दुसऱ्यात टपरीवरचा चहा. तिसऱ्यात एखादा चढ, आणि त्या चढावर लेखकाला आयुष्याचा अर्थ सापडणार. शेवटी रूट, किती किलोमीटर, पंक्चर कुठं काढून मिळेल, नाष्टा कुठं चांगला. तर धुकं देतो. चहा पण देतो. आयुष्याचा अर्थ मला अजून सापडलेला नाही, चढावर मला फक्त दम लागतो. आणि रूट मी सांगणार नाही. गावाचं नावसुद्धा नाही. मॅप उघडून बसला असाल तर बंद करा.

आता थंडी पडली. चऱ्होलीत आमची सोसायटी आहे, सातव्या मजल्यावर आम्ही तिघं पोरं भाड्यानं राहतो. खिडकीतून खाली बघितलं की एक वावर अजून शिल्लक आहे. त्याच्या चारी बाजूंनी बिल्डिंगी उठल्या, मधे ते वावर असं बसलंय की जणू पंगतीत वाढायचं राहून गेलेलं माणूस. गेल्या आठवड्यात त्या वावरात जोंधळा वीतभर वर आला, आणि त्याच दिवशी आमच्या सायकल ग्रुपवर पहिला मेसेज पडला. ‘पव्या, सीझन सुरू झाला ना भावा. ते तुझं बिनट्रॅफिकचं रूट टाक की.’ खाली सतरा जणांचे अंगठे. एकानं तर लिहिलं, ‘म्हशीवाला रूट.’ आणि हसून हसून रडणारे चेहरे.

मी मोबाईल पालथा ठेवला.

पव्या म्हणजे मी. गाव भूम, धाराशिव जिल्हा. शाळा तिथलीच, पत्र्याची. आमच्या शाळेत मी हुशार म्हणून कधी प्रसिद्ध नव्हतो, पण मुख्याध्यापकांचा आवाज काढायचो. इतका बेमालूम, की एकदा ऑफिसच्या खिडकीमागून मी ‘पाटील सर, दहावी ब सोडून द्या’ म्हणालो आणि पाटील सरांनी दहावी ब सोडून दिली. त्यासाठी खाल्लेला मार अजून हवामान बदललं की ठणकतो. मग डिप्लोमा, मग चाकणला कंपनी, क्वालिटी डिपार्टमेंट. पार्ट हातात घ्यायचा, गेज लावायचं, चुकलेला असला की लाल टॅग लावून विचारायचं, ‘हे कुणी केलं?’ पगार त्याचाच मिळतो.

ह्या पट्ट्यात आवाज काढणाऱ्याची चंगळ आहे बघा. एका लाइनवर सोळा माणसं, सोळा जिल्ह्यांची. लातूरचा वेल्डर ‘कामून’ म्हणतो, कँटीनवाला तळकोकणातला, तो वाक्य संपवतानाच वर उचलतो, फोर्कलिफ्टवाला हिंदीत शिव्या देतो आणि मराठीत माफी मागतो. मी सगळे गोळा केले. नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात त्याचा आवाज माझ्याकडं जमा. इथं माझं घर नाही, जमीन नाही, नातेवाईक म्हणाल तर भोसरीत एक लांबची आत्या. पण आवाज म्हणाल तर सगळ्यांचे. जेवायच्या सुट्टीत माझ्याभोवती गर्दी असायची. गर्दीची सवय लागली की माणूस थोडा वाया जातोच.

सायकल मला लावली सुशांतनं. सुशांत कासारवाडीचा, स्टेशनच्या अगदी अलीकडं घर. वडील कंपनीतून रिटायर झालेले, हा ताथवड्याला इंजिनिअरिंग करून आयटीत गेला. त्याची सायकल पापडासारखी हलकी, एका बोटावर उचलायची आणि लोकांना दाखवायची. माझी जुनी, कुणाकडून तरी घेतलेली, ब्रेक दाबला की शेजारच्या गल्लीतलं कुत्रं ओरडायचं. दोघांत अक्कल म्हणाल तर एकच, ती आळीपाळीनं वापरायचो. सुशांतला शेतीतलं काही म्हणजे काही कळत नाही.

‘पव्या, हा गहू ना?’

‘जोंधळा आहे.’

‘म्हणजे ज्वारी वेगळी?’

‘सुश्या, तू पॅडल मार.’

तर तो रस्ता. नाशिक हायवेवर पहाटेपासून कंटेनर लागलेले असतात, नाकाला नाक लावून. त्यांच्या कडेनं सायकल चालवायची म्हणजे हत्तीच्या पायातून मुंगीनं जायचं. एका रविवारी वैतागून आम्ही एका वजनकाट्याच्या मागून आत वळलो. आधी गोडाऊनं, मग पत्र्याच्या खोल्यांची रांग, दोरीवर कंपन्यांचे निळे शर्ट वाळत घातलेले, मग एक ओढा, आणि ओढा चढून वर आलो तर कॅनॉल. कॅनॉलच्या कडेनं मुरमाचा रस्ता, सरळ, पार धुक्यात घुसलेला. आणि आवाज गेला. म्हणजे हायवेचा तो जो सततचा घुर्रर्र कानात बसलेला असतो, तो कुणीतरी बटण दाबून बंद केल्यासारखा गेला. मला पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या चेनचा आवाज ऐकू आला. टिकटिकटिक. तेल मागत होती बिचारी.

मला विचाराल तर थंडीच्या सायकलीत सगळ्यात भारी काय असतं, तर वास. मोटरसायकलवर वास लागत नाहीत, ते मागं पडतात. सायकलला बरोबर लागतात. ओढ्याच्या वळणाला कोथिंबिरीचा, मग पाणी पाजलेल्या मातीचा, मग कुठंतरी चुलीत दाणे काढलेल्या कणसाचं बुरकुंड जळतंय त्याचा, आणि मग एका ठिकाणी एकदम कांद्याचा, ओला, हिरवा, डोळ्यांत न जाता नाकातच राहणारा. बोटं गारठून ब्रेकला चिकटलेली. तोंडातून वाफ. डाव्या हाताला कॅनॉलचं पाणी, त्यावर बगळा, आणि बगळ्याच्या मागं लांब आमच्या कंपन्यांची छपरं, निळी, पांढरी, सूर्य उगवला की ती आधी चमकायची, डोंगर नंतर. कोकणातल्यासारखा समुद्रकिनारा आपल्याला नाही. सुशांत म्हणायचा, भावा, हाच आपला किनारा. मी कोकणातल्या कँटीनवाल्याच्या आवाजात म्हणायचो, ‘ह्याका किनारो म्हणतत?’ आणि तो हसून हँडल सोडायचा.

आम्ही त्याला बिनट्रॅफिकचा रस्ता म्हणायचो. सगळ्यांना तसंच सांगायचो, रस्त्यावर कुणी नसतं. ह्या एका वाक्यावर मी वर्षभर विचार केलाय. कुणी नसतं म्हणजे काय? विहिरीवरच्या मोटारीनं पाणी सोडायला आलेले बबनतात्या असायचे. भारे घेऊन चाललेल्या दोन बाया असायच्या, त्या आम्हाला वाट द्यायला काट्यात उभ्या राहायच्या. शेळ्या असायच्या. हौसामावशी असायची. हे सगळं आमच्या हिशोबात ‘कुणी नसतं’ मध्ये जमा. जिथं गाडी नाही तिथं माणूस नाही, असं आमच्या डोक्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि जिथं कुणी नाही तिथं माणूस मोठ्यानं गातो, कुठंही मुततो, आणि वाटेल तो आवाज काढतो.

हौसामावशी पहिल्यांदा भेटली तेव्हा तिनं आमच्या सायकली नीट बघितल्या. साठीच्या पुढची, बारीक, डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला, हातात काठी. तिच्या तीन म्हशी होत्या. चंद्री, मैना आणि तिसरी थोरली.

‘कुठल्या कंपनीत हायसा?’ तिनं विचारलं. सांगितलं.

‘मग गाड्या काढून घेतल्या व्हय कंपनीनं?’

‘नाही मावशी, हौस म्हणून चालवतो.’

‘हौस माजं नाव हाय,’ ती म्हणाली. ‘म्या बी नाइलाजानंच चालते.’ मग सुशांतच्या सायकलभोवती एक चक्कर. ‘एवढी भारी सायकल अन् कॅरेज न्हाई. बायकोला कुठं बसवनार?’

‘अजून लग्न नाही झालं मावशी.’

‘कॅरेज न्हाई म्हटल्यावर व्हनारच न्हाई.’

सुशांत त्या दिवशी दहा किलोमीटर पुढंपुढंच चालवत होता. मी त्याच्या मागून तिच्या आवाजात ‘कॅरेज न्हाई, कॅरेज न्हाई’ करत आलो.

त्यानंतर दर रविवारी. थांबलो की ती तिच्या किटलीतला चहा टोपणात ओतून द्यायची, गूळ घातलेला, धुराचा वास असलेला. तिचा मुलगा चाकणला कंपनीत, सून अंगणवाडीत, म्हशींचं सगळं हिच्याकडं. कॅनॉलच्या पलीकडं बाजरी निघालेलं त्यांचं रान होतं, तिथं त्या मोकळ्या चरायच्या. रान आणि कॅनॉलच्या मधे शेजारच्या बबनतात्यांचं वावर, त्यात त्यांनी कांद्याचं रोप टाकलेलं. वाफ्यावाफ्यांनी, कंगव्यानं भांग पाडल्यासारखं. तात्या त्या रोपाला इतके जपायचे की कडेनं बोराट्यांच्या काट्यांचं कुंपण लावून वर जुन्या साड्या बांधलेल्या. कांदा लावणाऱ्याचं वर्ष त्या वीतभर रोपात असतं. ते गेलं तर पुन्हा टाकायला वेळ नसतो, दुसऱ्याचं उरलंसुरलं शोधत गावोगाव फिरावं लागतं.

आणि मावशीची हाक. ती मी कायम कॅनॉलच्या अलीकडून, लांबूनच ऐकली. म्हशींना परत आणायचं असलं की ती रानातल्या लिंबाखाली उभी राहून हाक मारायची. ‘याऽऽव… येव येव येव… चंद्रेऽऽ’. सांगून कळणार नाही. सुरू व्हायची नाकातून, मधे फाटायची, आणि शेवटच्या ‘रे’ला अशी खाली बसायची की ऐकणाऱ्याला पण बसावंसं वाटावं. तीन म्हशी जिथं असतील तिथून मान वर करायच्या आणि सरळ चालत निघायच्या. पळत नाही, चालत. ऐटीत. जणू त्यांना मीटिंगला बोलावलंय.

असा आवाज समोर आला आणि मी सोडला असं होणं शक्यच नव्हतं. तीन रविवार मी तो घशात घोळवला. कंपनीच्या बाथरूममध्ये प्रॅक्टिस केली, तिथं घुमतो चांगला. फाटायची जागा सापडायला वेळ लागला. सापडली तेव्हा मला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

चौथ्या रविवारी धुकं उठून गेलेलं, ऊन कोवळं, पाठीवर घोंगडीसारखं. मावशी दिसली नाही, पाणी आणायला घराकडं गेली असावी. म्हशी रानाच्या पार त्या टोकाला. सुशांत म्हणाला, ‘कर की. बघू तुझी लायकी. मी शूट करतो.’

मी कॅनॉलच्या भरावावर उभा राहिलो, हात कानाला लावला आणि हाक मारली.

इतकी चांगली मला परत कधी जमली नसती. तीनही माना एकदम वर आल्या. सुशांतच्या व्हिडिओत ते दिसतं, आणि मागं त्याचं दाबलेलं हसू ऐकू येतं. मग म्हशी निघाल्या. चालत नाही, ह्या वेळी पळत, कारण हाक नेहमीच्या जागेवरून आली नव्हती, लांबून आली होती. मावशी कुठंतरी भलतीकडं अडकलीये असं त्यांना वाटलं असेल का, हे मला कोण सांगणार. त्या सरळ रेषेत आवाजाकडं आल्या. सरळ रेषेत बबनतात्यांचं रोप होतं.

व्हिडिओ त्याच्या आधीच संपतो. पुढचं मी बघितलंय. बोराट्यांचं कुंपण एकट्या थोरलीनं छातीनं आडवं केलं. एक साडी चंद्रीच्या शिंगात अडकली, हिरवी, ती तिच्यामागं वाफ्यांवरून फरपटत गेली. त्यांनी खाल्लं कमी. तुडवलं जास्त. मधोमध येऊन त्या थांबल्या आणि इकडंतिकडं बघायला लागल्या. विहिरीकडून तात्यांचा आवाज आला, ‘आरं कोन सोडली जित्राबं’, आणि सुशांत म्हणाला, ‘पव्या, निघ.’

निघालो. उतार होता. मुरूम चाकाखाली कुरकुरत होता आणि आम्ही हसत होतो. हे लिहायला नको वाटतं पण लिहितो, आम्ही हसत होतो. टपरीवर येऊन चहा घेईपर्यंत हसत होतो. सुशांतनं तिथंच व्हिडिओ ग्रुपवर टाकला. दिवसभर माझा मोबाईल टिंग टिंग वाजत होता, आणि प्रत्येक टिंगला मला बरं वाटत होतं.

दोन रविवार सोडून तिसऱ्याला गेलो. सुशांत म्हणाला, आता विसरले असतील. कुंपण पुन्हा लावलेलं होतं, आत वाफे काळे पडलेले. मावशी लिंबाखाली नव्हती, रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेली होती. म्हशी दाव्याला बांधलेल्या. आम्हाला बघून तिनं किटली काढली नाही. सुशांत मागं हवा तपासत रेंगाळला, त्याला अंदाज आला होता. मी एकटा पुढं गेलो.

‘लेकरा,’ ती म्हणाली, ‘त्या रोजी तुमी आलता ना? म्हशी रोपात गेल्या त्या रोजी?’

‘आलो होतो मावशी.’

‘मग मला एक सांग. म्या हाक मारली का रं?’

मला आधी प्रश्नच कळला नाही.

‘बबनतात्या म्हनतो, त्यानं कानानं ऐकली. म्या मारलेली. म्हनतो, वैनी, मुद्दाम बोलावली रोपातनं, गेल्या साली पाण्यावरनं आपलं वाजलं त्याचा राग काढला. म्या म्हनते, म्या तर हंडा घिऊन घरी व्हते. तर म्हनतो, मग तुजी हाक काय रेडिओवर लागलती? समद्या गावात त्यानं सांगितलं. गावाचं जाऊ दे. पर म्हशी बी आल्याच ना? दुसऱ्या कुनाच्या हाकंला त्या हलत न्हाईत. माजा लेक बी म्हनतो, आये, मारली असशील, ध्यानात न्हाई तुज्या. वय झालं.’ तिनं काठी आडवी मांडीवर घेतली. ‘मारली असंल का रं म्या? तू खरं सांग. तुला काय कुनाची बाजू घ्यायची न्हाई.’

इतकं सोपं होतं बघा. एक वाक्य. ‘मावशी, ती मी मारली.’ पाच सेकंद लागतात. दिवसभर कंपनीत मी लोकांकडून हेच वाक्य काढून घेतो. गेज चुकलेला पार्ट समोर धरला की पोरं मान खाली घालतात आणि म्हणतात, सर, माझ्याकडून झालं. कंत्राटी पोरं, उद्या गेटवर अडवतील ही भीती असून म्हणतात. आणि मी काय म्हणालो?

‘माहिती नाही मावशी. आम्ही पुढं गेलो होतो.’

ती मान हलवत राहिली. ‘व्हय. पुढं गेला असाल,’ म्हणाली. मग म्हणाली, ‘म्हंजी मारली असंल म्याच.’

त्या दिवशी परत येताना वासबिस काही लागले नाहीत. सुशांतला मी सांगितलं. तो म्हणाला, ‘भावा, आता सांगून काय होणार? रोप थोडंच परत येणार.’ बोलण्यात काही चूक नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ते बरोबर ठरवलं आणि संक्रांतीच्या आधीच त्या रस्त्याला जायचं बंद केलं. दुसरे रस्ते होते. धरणाकडचा होता, नदीकाठचा होता. चांगले होते. पण कुठंही शांत जागा आली की माझी चेन वाजायची आणि मला वाटायचं, आता कुणीतरी विचारेल.

मिमिक्री मात्र बंद पडली नाही, ह्याचीच मला जास्त शरम वाटते. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, कंपनीत सगळं चालू. फक्त एक आवाज निघायचा नाही. पोरं म्हणायची, पव्या, ते म्हशीचं कर. मी म्हणायचो घसा बसलाय. वर्षभर एकाच आवाजापुरता घसा बसलेला माणूस तुम्ही बघितला नसेल. आणि आईचा फोन आला आणि ती म्हणाली, ‘अरे, मी तुला हे मागच्या वेळी सांगितलं का?’ की मी तिला पुढं बोलूच द्यायचो नाही. मी घाईघाईनं सांगायचो, नाही आई, नाही सांगितलंस. सांगितलेलं असलं तरी.

तर ह्या रविवारी, तो ग्रुपवरचा मेसेज आल्यावर, मी एकटाच गेलो. सुशांतला विचारलं, तो म्हणाला पाय दुखतोय. दुखत असेल.

वजनकाटा तोच. पत्र्याच्या खोल्या दुप्पट झाल्यात. ओढ्याजवळ मोटरसायकलच्या चाकोऱ्या पडलेल्या, कडेला वेफर्सच्या पिशव्या. रस्ता आमच्या ग्रुपनं बराच पसरवलाय हे तिथं कळलं. कॅनॉल चढलो. धुकं होतं, बगळा होता, कांद्याच्या रोपाचा तोच ओला हिरवा वास होता. तात्यांनी पुन्हा टाकलंय. ह्या वेळी कुंपणाला तार आहे.

मावशीच्या गोठ्याशी गेलो. बाहेर दोनच म्हशी, दाव्याला. वैरण कापून समोर टाकलेली. मावशी ओट्यावर शेंगा निवडत होती. तात्या नेमके तिथं दुधाचं भांडं घेऊन आलेले. दोघांत बोलणं नव्हतं, भांडं ठेवायचं, भरायचं, उचलायचं, एवढंच. मला बघून मावशीनं डोळे बारीक केले.

‘बिनकॅरेजवाला न्हाई तू. दुसरा.’

‘हो मावशी. मैना कुठंय?’

‘इकली. लेक म्हनला, तुज्यानं आता तीन व्हत न्हाईत.’ मग शेंगांकडं बघत, ‘त्याचं बी बराबरच हाय. मला काय ध्यानात ऱ्हात न्हाई.’

मी हेल्मेट काढलं. येताना पूर्ण रस्ताभर मी वाक्य तयार केलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट. त्यातलं एकही आलं नाही. म्हणालो, ‘मावशी, गेल्या वर्षी ती हाक मी मारली होती. तुमच्या आवाजात. तुम्ही नव्हती मारली.’

तात्याच आधी बोलले. ‘ए पोरा, काय बी सांगू नको. त्या दिवशी म्या कानानं ऐकलंय. तीस वर्सं ऐकतोय.’

‘तात्या, मीच होतो.’

‘हिनं पढवून आनलाय व्हय तुला?’

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. व्हिडिओ माझ्या मोबाईलमधून मी केव्हाच काढून टाकला होता, तेव्हा मला दुसरा उपायच राहिला नाही. मी अंगणात उभा राहिलो आणि प्रयत्न केला. हवा नुसती. तात्यांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्यांदा सुरुवात नाकातून झाली, मधे फाटली, आणि शेवटी खाली बसली, ‘चंद्रेऽऽ’.

दोन्ही म्हशींनी वैरणीतून तोंड काढलं. वळल्या. दावं पुरेपर्यंत आल्या, मग दावं ताणून उभ्या राहिल्या, कान पुढं, माझ्याकडं बघत. ओट्यावरची मावशी त्यांच्या मागं होती. एकीनंही मागं बघितलं नाही.

तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. ‘वैनी,’ म्हणाले, ‘म्या लई बोललो गं.’ दुधाचं भांडं तिथंच ठेवून ते बांधानं निघून गेले.

मावशी उठली. मला वाटलं रडेल. काठी टेकत माझ्यासमोर आली आणि सुरू झाली.

‘तुला म्या इचारलं व्हतं. इचारलं का न्हाई?’

‘हो मावशी.’

‘तवा काय म्हनलास?’

‘मावशी, चूक—’

‘काय म्हनलास ते म्हन. तसंच म्हन.’

‘आम्ही पुढं गेलो होतो.’

‘पुढं गेलता.’ तिनं ते माझ्याच आवाजात म्हटलं. हुबेहूब. ‘वरीस झालं. वरीसभर म्या भाजीत मीठ घातलं की सुनंला चाखाया लावते. कडी लावली का म्हनून दहा डाव उठते. माजा लेक, मुडदा, मला रोज नातवांची नावं इचारतो, शाळंत मास्तर इचारतो तसा. म्या सांगते, अन् सांगताना घाबरते. डाक्टरनं डोस्कं तपासाया मला घड्याळ काढाया लावलं कागदावर. म्या, हौसा, जिनं ह्या कॅनॉलला पानी नव्हतं तवापासनं म्हशी राखल्या. म्या काढलं घड्याळ. बबन्यानं चोर म्हनलं असतं तर म्या त्याच्या दारात जाऊन भांडले असते. पर हितं माजा माज्यावरच इस्वास न्हाई म्हटल्यावर भांडू कुनाशी? अन् तुला ठावं व्हतं. तू तिकडं जेवत व्हतास, झोपत व्हतास, अन् तुला ठावं व्हतं.’

मी मान खाली घातली. तिनं काठीनं माझी हनुवटी वर केली, म्हशींकडं वळवली.

‘खाली काय बगतोस, तिकडं बग. बबन्याला सांगितलंस, मला सांगितलंस. लेकाला बी सांगशील, सांज्याला येईल तवर बसून ऱ्हा हितंच. पर ह्यांना कोन सांगनार, ती म्या नव्हते म्हनून? म्या हाक मारली की माज्या वटीत भाकर असती. न्हाईतर पेंडीचा खडा, न्हाईतर मूठभर कोंडा. रित्या हातानं म्या ह्यांना उभ्या जन्मात बोलावलं न्हाई. त्या रोजी कुनाचं रोप खायाला न्हाई आल्या त्या, भाकरीला आल्या. अन् तू पळालास. आज परत बोलावलंस. परत आल्या बग, दावं ताणून उभ्या हायेत. आता काय देनार हायेस त्यांना?’

माझ्या हातात हेल्मेट होतं.

‘बोल की,’ ती म्हणाली. ‘एरवी लई आवाज काढतोस.’